मस्टरवर नसलेली सखू

दरड कोसळून पाच मिनिटं झाली नसतील. धुरळा अजून खाली बसला नव्हता आणि मी रस्त्याच्या भरावावर उभा राहून घसा फोडून नावं वाचत होतो.

“लिंबाजी सटवा!”

“हाय जी!”

“कोंडाबाई भ्रतार रामजी!”

“हाय!”

“गिरजा भ्रतार मारोती!”

“हाय!”

बावीस नावं झाली, बावीस वेळा ‘हाय’ ऐकू आलं. मी तिथंच मातीवर बसलो आणि देवाचे आभार मानले. टोळीतलं एकही माणूस मातीखाली नव्हतं. मस्टर तसं सांगत होतं, आणि मस्टर माझ्याच हातचं होतं.

निजामावरची पोलीस अ‍ॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी नुकताच सब-ओव्हरसियर म्हणून लागलो होतो, वय बावीस-तेवीस. वालूरच्या बाजूला एका कच्च्या रस्त्याचं काम चालू होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांची नातवंडं आज आहेत. रस्ता उंच करायला भराव टाकावा लागतो, आणि भरावाचा मुरूम जवळच्याच खड्ड्यातून काढतात. त्या खड्ड्याला आमच्या खात्यात बरो पिट म्हणतात. लोक त्याला सरळ खदान म्हणत.

खदानीचा कडा पायऱ्या पायऱ्यांनी वरून खाली खणत यायचा असतो. पण वरून खणणं मेहनतीचं. म्हणून गडी काय करतात, तर खाली पोटात खणतात. पोट पोकळ झालं की वरचा मुरूम आपोआप कोसळतो, अर्ध्या मेहनतीत दुप्पट माल. हे नियमाविरुद्ध आहे आणि जिवावरचं आहे. मी ते दोन दिवसांपासून पाहत होतो आणि ‘उद्या सांगू’ म्हणत होतो. खोटं कशाला बोलू?

आता मस्टरचं सांगतो. मस्टर म्हणजे हजेरीचं लांबरुंद पत्रक. डावीकडं नावं, पुढं तारखांच्या चौकटी. माणूस आला की खूण, नाही आला की फुली. निजामाच्या राज्यात हे सगळं उर्दूत हाजरीच्या वहीत चालायचं. राज्य गेलं तशी वही गेली आणि छापील इंग्रजी फॉर्म आले. फॉर्म कुणाला वाचता येत नव्हता, पण शब्द मात्र आठ दिवसांत सगळ्यांच्या जिभेवर बसला. “मस्टरवर हायेस का गं?” असं बायका एकमेकींना पाण्याच्या रांजणापाशी विचारायच्या. मी स्वतः उर्दूतून शिकलेला, इंग्रजी जेमतेम. मस्टर आणि मास्तर हे एकाच घराण्यातले शब्द असावेत, अशी माझी भाबडी समजूत होती, कारण दोघंही हजेरी घेतात.

कामावर सहा टोळ्या होत्या, मिळून सव्वाशेच्या वर माणसं. सकाळी मी तंबूपुढं खुर्ची टाकून बसायचो, मान खाली घालून भराभर नावं वाचायचो. प्रत्येक टोळीचा एक मुकादम. टोळी गावातून जमवून आणायची, तिच्याकडून काम करून घ्यायचं, ही त्याची जबाबदारी. नाव वाचलं की टोळीतून कुणीतरी ‘हाय’ म्हणे, मी खूण करी. बायका पदर ओढून पाठमोऱ्या उभ्या असत. परक्या माणसानं त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघणं बरं दिसत नसे, म्हणून मीही बघत नसे. निजामाच्या वेळेपासून असंच चालत आलं होतं आणि मला त्यात वावगं असं काही वाटलं नव्हतं.

तर त्या दिवशी. चैत्राचं ऊन, अकरा वाजून गेलेले. सोपान मुकादमाच्या टोळीचा कडा धाडदिशी खाली आला. गडी ओरडत चारी दिशांना पळाले. दुसऱ्या टोळ्यांची माणसं धावत आली. अशी गर्दी झाली की कोण कुठल्या टोळीचं ते कळेना. आज कुणीही विचारेल, “अहो, डोकी का नाही मोजली?” मीही स्वतःला हेच विचारत आलोय. माझ्या हातात मस्टर होतं, म्हणून मी नावं वाचली.

नावं जुळली. पण कड्याचा वरचा तुकडा अजून लोंबत होता आणि त्याच्या माथ्यावर बोटभर रुंद भेग पडली होती. मी ओरडलो, “समदे वर या! आपापलं सामान घ्या आन् रस्त्यावर जाऊन बसा. खाली कुणी थांबायचं न्हाई!”

खदानीच्या काठावर एक बाभूळ होती. तिच्या फांदीला भाकरीची फडकी टांगलेली आणि बुडाशी वहाणा. त्या भागात काटे फार, वहाणेशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण पाटी डोक्यावर घेऊन मुरमाची चढण चढताना वहाण सटकते, म्हणून बायका त्या झाडाखाली काढून अनवाणी काम करत. एकेकीनं आपलं फडकं घेतलं, वहाणा पायात सरकवल्या आणि रस्त्याकडं निघाल्या.

झाड रिकामं झालं. खाली एक जोड राहिला. जुना, अंगठ्यापाशी चिंधी बांधलेला.

“ह्या कुणाच्या?” मी विचारलं.

कोंडाबाई म्हणून एक साठीची बाई होती, टोळीतली सगळ्यात जुनी आणि तोंडानं फटकळ. ती वाकून बघायला लागली आणि मटकन खालीच बसली.

“अगं माय माय! ह्या तर सखूच्या!”

“कोण सखू? आपल्या मस्टरवर सखू नाही.”

“न्हाई मालक. गिरजाची जाऊ. गिरजाच्या नावावर तीच येतीया, पंधरा दिस झाले.”

“मग गिरजाच्या नावाला ‘हाय’ कोण म्हणालं?”

“मी म्हनले.” कोंडाबाई म्हणाली. “लेकरू तान्हं हाय तिचं. रोज ह्या वक्ताला पाजाया घरी जाती. गेली आसंल म्हनून मी म्हनले. नाव कटू ने म्हनून, दुसरं काय! रोजच म्हन्ते मी.”

“अनवाणी गेली? एवढ्या काट्यातून?”

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून हंबरडा फोडला. मी घड्याळ बघितलं. दरड पडून जवळजवळ पंचवीस मिनिटं झाली होती, आणि ती सगळी मी नावं वाचण्यात आणि माणसं हुसकण्यात घालवली होती.

सोपान मुकादम पुढं आला. मी त्याच्यावर खेकसलो, “तुला माहीत होतं?”

“नाव घराचं आसतंय साहेब. ज्याला सवड त्यानं यावं. आज जाऊ, उद्या सासू. आमच्यात आसंच हाय. काम तर भरतंय ना?”

भांडायला वेळ नव्हता. प्रश्न होता, खणायचं कुठं? तीस फूट लांब मुरमाचा ढीग पडला होता. मी कोंडाबाईला खांद्याला धरून हलवलं. “शेवटची कुठं दिसली? नीट आठव.”

“सकाळधरून भवंड यायलीय म्हनत व्हती. जरा सावलीला बसते म्हनली.”

“सावली कुठाय इथं?”

तिनं बोट दाखवलं. कड्याच्या पोटात जिथं खोल खणलं होतं, तेवढीच काय ती सावली होती. आणि बरोबर त्याच्यावर तो भेगाळलेला तुकडा लोंबत होता.

मी एका गड्याला माथ्यावर पाठवलं. भेगेवर काटकी आडवी ठेव, ती हलली की नुसता ओरड, एवढंच सांगितलं. खाली चार माणसं हवी होती. मी कुणाला हुकूम करू शकत नव्हतो, जिवाचा मामला. सोपान धोतर खोचून उतरला, लिंबाजी उतरला, आणखी दोघं. मी पाचवा. टिकाव वापरायचा नाही, फावडंही नाही, हातानं मुरूम ओढायचा आणि पाटीत भरून मागं द्यायचा. मागं बायकांनी रांग धरली.

तेवढ्यात व्यंकटरावसाहेब आले. ते सेक्शनचे इनचार्ज, माझे वरिष्ठ. निजामी नोकरीत केस पांढरे केलेले. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला फार भिणारा. सायकल टाकून काठावरूनच ओरडले, “बरखुरदार, ये क्या चल रहा है? वर या सगळे!”

“साहेब, एक बाई खाली आहे.”

“मस्टर घेतलं का?”

“घेतलं.”

“किती हाजिर?”

“बावीस.”

“बावीसच्या बावीस हाजिर, मग खाली कोण आहे? तो कडा आला ना, तर पाच मुर्दे मी वर काय म्हणून दाखवू? बाहेर निघा! हा माझा हुकूम आहे.”

सोपान थांबला. लिंबाजी माझ्याकडं बघायला लागला. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या तोंडाकडं बघून होत्या. पण ती चिंधी बांधलेली वहाण डोळ्यापुढून जाईना.

“साहेब, मस्टर खोटं आहे,” मी म्हणालो. “मी लिहिलंय, मला माहीत आहे.”

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग माथ्यावर चढले, त्या काटकीवाल्या गड्याला बाजूला केलं आणि स्वतः भेगेच्या मागच्या अंगाला पालथे पडून बघत राहिले. पुढं त्यांनी जे केलं ते केलं, पण ही गोष्ट मी कधी विसरलो नाही.

आम्ही ओढत होतो. बोटांची सालटी निघाली. वरून बारीक खडे गळायचे आणि दर वेळी अंगावर काटा यायचा. एकदा व्यंकटराव ओरडले, “हटो!” आम्ही मागं उड्या मारल्या. पाटीभर मुरूम खाली आला आणि थांबला. परत आत गेलो. सोपानचा हात कशाला तरी लागला. बांबूची पाटी, उपडी. त्यानं ती हळूच उचलली. खाली बाईचं तोंड होतं, मातीनं माखलेलं, ओठ हलत होते.

“जित्ती हाय!” सोपान किंचाळला. “आरं, जित्ती हाय!”

पाटी तोंडावर पडली होती म्हणून श्वासापुरती जागा राहिली होती. कमरेपासून खाली मात्र दगडी ढेकूळ बसलं होतं. ते काढायला आणखी बराच वेळ गेला. उजवा पाय काळानिळा पडून फुगला होता. तिला बाहेर ओढून दहा पावलं गेलो नाही तो उरलेला कडा खाली आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

कंत्राटदाराच्या लॉरीत मुरमावर गोधड्या टाकून तिला परभणीला सरकारी दवाखान्यात नेलं. कोंडाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखी म्हणत होती, “मीच म्हनले गं माय, मीच ‘हाय’ म्हनले.”

डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढला.

महिनाभरानं चौकशी आली. डाक बंगल्यात. चौकशीला एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर रामनाथनसाहेब, मद्रासकडचे. त्या वर्षांत असे पुष्कळ अधिकारी बाहेरून आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, उर्दूही नाही. साक्षीदारांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून दुभाष्या मी. माझ्याच चौकशीत दुभाष्या मी, हे आज लिहितानासुद्धा विचित्र वाटतं.

व्यंकटरावांनी आदल्या संध्याकाळी मला बाजूला घेतलं होतं. “बघा, बाई मस्टरवर नाही. म्हणजे सरकारी कामावर नाही. कुणाची तरी भाकर द्यायला आली होती, सावलीला बसली, बस. तुम्ही सुटलात, मी सुटलो. ती काय बोलते ते त्या मद्राशाला कुठं कळतंय?”

“आणि तिचं काय?”

“तिचं नशीब,” ते म्हणाले, आणि त्यांचाच आवाज पडला.

प्रश्न साधा होता. ती कामावरची ठरली तर दवाखाना सरकारचा, पुढं बसून करता येईल असं काम देणंही सरकारवर. तशी नाही ठरली, तर एका पायाची बाई आणि तान्हं लेकरू, आपलं आपण बघा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सखूला बैलगाडीतून आणलं. कुबडी अजून जमत नव्हती, दिरानं उचलून पायरीवर बसवलं. वीस-बावीस वर्षांची पोरगी. तोंडावरचा पदर कोंडाबाईनं मागं सारला. मी तिचं तोंड तेव्हा नीट बघितलं, पहिल्यांदाच. पंधरा दिवस ती माझ्यापुढं रोज उभी राहिली होती.

रामनाथनसाहेबांनी विचारलं, त्या दिवशी ही कामावर होती का? मी मराठीत विचारलं. व्यंकटराव खिडकीतून बाहेर बघत होते.

“मी व्हते की, साहेब,” ती म्हणाली. “नाव जावंचं व्हतं. पाट्या म्याच उचलल्या.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. “शी वॉज देअर, सर,” मी म्हणालो. “नेम वॉज अनदर.” एवढंच इंग्रजी मला त्या वेळी सुचलं. मग जमेल तसं पुढचंही सांगितलं. पंधरा दिवसांची बदली, कोंडाबाईचं ‘हाय’, माझी खाली घातलेली मान, पोटातलं खणणं, सगळं.

साहेबांनी मस्टर पुढं ओढलं. त्या तारखेच्या चौकटी बोटानं मोजल्या. मग मला विचारलं, “मस्टर म्हणजे काय, माहीत आहे?”

“हजेरी, सर.”

“नाही.” ते रागावले होते, पण आवाज चढवत नव्हते. त्यांनी सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. हा शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, दाखवणे. तिथून फ्रान्समध्ये गेला, तिथून इंग्लंडात. राजापुढं फौज उभी करून एकेक शिपाई, एकेक घोडा डोळ्यांनी दाखवायचा, त्याला मस्टर म्हणत. डेमॉन्स्ट्रेशन हाही त्याच कुळातला. पाहून झालेल्या माणसांची नावं ज्या कागदावर उतरवत, तो मस्टर रोल. म्हणजे कागद मागाहून आला.

“आणि तिकडंही हेच झालं,” ते म्हणाले. “कप्तान लोक मेलेल्या शिपायांची नावं चालू ठेवायचे, दाखवायच्या दिवशी भलतीच माणसं उभी करायचे. लढाईच्या दिवशी कळायचं, कागदावर किती आणि मैदानात किती. तुम्ही मस्टर घेतलंच नाही, मिस्टर. तुम्ही नुसतं वाचलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्यंकटरावांनी मान खाली घातली. पायरीवर सखू बसली होती, तिला यातलं अक्षर कळलं नव्हतं. तिनं कोंडाबाईला हळूच विचारलं, “काय म्हन्तेत गं?”

“तू व्हतीस म्हन्तेत,” कोंडाबाई म्हणाली. खरं तर साहेब अजून तसं म्हणाले नव्हते. दुसऱ्या दिवशी निकालात मात्र तेच लिहिलं गेलं, की सदर बाई कामावर होती, मस्टर चुकीचं होतं.

सखूला दवाखाना मिळाला, पुढं सामानाच्या गोदामापाशी बसून पाट्या विणायचं, दुरुस्त करायचं काम मिळालं. ते तिनं पुष्कळ वर्षं केलं. व्यंकटरावांची बदली झाली. माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईनं ताकीद लिहिली गेली, ती रिटायर होईपर्यंत तशीच होती.

मस्टरची रीत आम्ही बदलली. एकेकानं टेबलापुढं यायचं, आपलं नाव आपण सांगायचं. गड्यांचं जमलं. बायकांचं अवघड होतं. पदर वर करायचा तरी कसा, नि परक्या पुरुषापुढं! चार दिवस नुसता गोंधळ. सोपान म्हणाला, अशानं टोळीच येणार नाही. शेवटी कोंडाबाईच माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. एकेकीचा पदर ती स्वतः उचलून बघायची आणि मला सांगायची, “ही गिरजाच. ही पारू. ही तिची भन हाय, पारू न्हाई, हिचं नाव येगळं लिव्हा.” बदली बंद नाही झाली, पण बदली आली की तिचं नाव वेगळं चढायचं. त्यासाठी वेगळा रकाना मीच आखून घेतला होता. छापील फॉर्ममध्ये तो नव्हता.

पुढं पस्तीस वर्षं मी ह्याच खात्यात काढली, धरणावर, कालव्यावर, पुलांवर. हाताखाली नवीन पोरगा आला की मी त्याला इंग्रजी शब्दाचं कूळ सांगत बसायचो नाही. नाव वाचलं की मान वर कर, माणूस बघ, मग पेन टेकव, एवढंच सांगायचो. काही जणांना तो म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटे.

दवाखान्यात त्या डॉक्टरांना मी विचारलं होतं, पाय वाचला असता का? ते म्हणाले, “अर्धा तास आधी काढली असती तर बहुतेक वाचला असता.” तो अर्धा तास कुठं गेला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.